पंधरा मिनिटांचं ऊन

नगरमध्ये सूर्य बाराच्या ठोक्याला डोक्यावर येत नाही. देशाचं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखावृत्तावर लावलेलं, आणि आपण त्याच्या पश्चिमेला पावणेआठ अंशांवर. अंशाला चार मिनिटं धरली की आपली दुपार ३१ मिनिटं मागे पडते. त्यात पृथ्वीच्या कक्षेमुळे वर्षभर थोडी ओढाताण चालते ती वेगळीच. नोव्हेंबरच्या सुरुवातीला खरी दुपार सव्वाबाराला होते, फेब्रुवारीच्या मध्याला पाऊण वाजता. सावेडीत आता गच्च्यागच्च्यांवर सोलर दिसतं. त्यांच्या मालकांना मी हे सांगतो. ते 'हो का?' म्हणतात आणि वीजबिलाच्या गोष्टीकडे वळतात.

माझी मात्र सगळी नोकरी त्या ३१ मिनिटांवर गेली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात हवामानाच्या नोंदी घेणं हे माझं काम. शेती-हवामानाची निरीक्षणं स्थानिक वेळेनुसार सकाळी सात आणि दुपारी दोन वाजता घ्यायची, असा हवामान खात्याचा दंडक आहे. म्हणजे मनगटावरच्या घड्याळात साडेसात आणि अडीच. जेवणाच्या सुट्टीनंतर बाकीची कार्यालयं पुन्हा सुरू होऊन स्थिरस्थावर झाली की आमचे दोन वाजायचे.

वेधशाळा म्हटलं की लोकांना दुर्बीण आठवते. आमच्याकडे होती ती तारेच्या कुंपणातली हिरवळ, झडपांची पांढरी पेटी, पर्जन्यमापक, वाऱ्यावर गरगरणाऱ्या वाट्या आणि बाष्पीभवन मोजायचं मोठं पात्र. पात्रावर जाळी असायची. नाहीतर चिमण्या-कावळे पाणी पिऊन जायचे आणि त्यांची तहान बाष्पीभवनाच्या खात्यावर पडायची.

या सगळ्यांत मला प्रिय होता तो काचेचा गोळा. दहा सेंटिमीटर व्यासाचा, भरीव. त्याच्यामागे धातूची अर्धगोल वाटी, वाटीत तीन खाचा, आणि खाचेत सरकवायचं तासांच्या रेषा छापलेलं निळसर कार्ड. गोळ्यातून आलेलं ऊन कार्डावर एका ठिपक्यात एकवटतं आणि तिथे कार्ड जळतं. सूर्य सरकेल तशी जळकी रेघ पुढे सरकते. ढग आला की रेघ तुटते, ढग गेला की पुन्हा सुरू होते. याला ना चावी, ना वीज, ना एखादा हलणारा भाग. मध्य एप्रिल ते ऑगस्टअखेर लांब वाकडं कार्ड, मध्य ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत आखूड वाकडं, आणि मधल्या दोन्ही संधिकाळांत सरळ. म्हणून खाचा तीन.

सूर्य मावळला की कार्ड काढायचं, मागे तारीख टाकायची, नवं घालायचं. मग टेबलावर मोजपट्टी लावून जळकी रेघ मोजायची, तासाच्या दहाव्या भागापर्यंत. सलग रेघ मोजायला सोपी. कसोटी लागायची ती भाद्रपदातल्या दिवसांत. ढग पळतायत, ऊन मिनिटभर येतं आणि जातं, कार्डावर नुसते ठिपके. मिनिटभराच्या उन्हानंही कार्डाला चांगलं मोठं भोक पडतं, त्यामुळे ठिपके जसेच्या तसे मोजले तर ऊन फुगवून लिहिलं जातं. त्यासाठी नियम ठरलेला: दोन-तीन ठिपके म्हणजे एक दशांश तास, चार ते सहा म्हणजे दोन दशांश. आकाशात ढगांनी केलेला गोंधळ या एका ओळीच्या नियमानं रजिस्टरात गप्प बसायचा. जुलैत कधी कधी कार्ड सकाळी घातलं तसंच संध्याकाळी कोरं निघायचं. तेही तारीख टाकून जपायचं. कोरं कार्ड म्हणजे शून्य ऊन, आणि शून्य हीसुद्धा नोंदच.

हा गोळा १८५३ मध्ये जॉन कॅम्पबेल नावाच्या स्कॉटिश गृहस्थानं केला. पाणी भरलेला काचगोळा लाकडी वाडग्यात ठेवायचा आणि ऊन वाडगाच जाळत जायचं. १८७९ मध्ये जॉर्ज स्टोक्स या गणितज्ञानं वाडग्याच्या जागी धातूची वाटी आणि कार्ड आणलं. तेव्हापासून त्याच्या रूपात फारसा फरक पडलेला नाही. मधल्या काळात इकडे १८७५ मध्ये भारतीय हवामान खातं स्थापन झालं आणि १८७६ ते १८७८ चा दुष्काळ दख्खनवर कोसळला. आपला जिल्हा पर्जन्यछायेतला, तो त्यात होरपळला हे वेगळं सांगायला नको. पहिले खातेप्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फावरून मोसमी पावसाचं अनुमान बांधायला सुरुवात केली. १८८६ पासून तो अंदाज रीतसर निघू लागला. दुष्काळाच्या धास्तीतून जन्मल्यामुळे आपल्याकडे अंदाज म्हटलं की पावसाचाच. उद्या ऊन किती पडेल, असं या जिल्ह्यात कुणी कुणाला का विचारावं? ते तर पडतंच.

१९२८ मध्ये खात्याचं मुख्य कार्यालय शिमल्याहून पुण्याला आलं. आमच्या बोलण्यात पुणे म्हणजे हेच कार्यालय. आम्ही मोजायचं आणि अंदाज पुण्यानं करायचा, अशी कामाची वाटणी. पुढे १९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष पाळलं गेलं आणि त्या निमित्तानं खात्यानं सूर्याची ऊर्जा मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं उभारलं. ऊन किती तास पडलं हे काचगोळा सांगतो, पण किती जोराचं पडलं ते सांगत नाही. त्यासाठी काचेच्या घुमटाखाली काळी पट्टी बसवलेलं प्रारणमापक लागतं. पट्टी तापते, तापण्याच्या फरकातून अगदी बारीक वीजदाब तयार होतो, तो मोजायचा. ही उपकरणं परदेशातून मागवण्याऐवजी इथेच घडवायची, तपासायची आणि त्यांचं मोजमाप जगाशी जुळवून घ्यायचं, हे काम पुण्यात उभं राहिलं. त्यामागे एका बाईंचा हात होता: अ‍ॅना मणी.

त्या मूळच्या केरळातल्या पीरमेडच्या. जन्म १९१८ चा. बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी हिरे आणि माणकांच्या प्रकाशावर काम केलं, प्रबंधही लिहिला. पण एम. एस्सी. झालेलं नाही म्हणून विद्यापीठानं पीएच. डी. दिली नाही. त्या लंडनला हवामानाची उपकरणं शिकायला गेल्या आणि १९४८ मध्ये पुण्याच्या कार्यालयात रुजू झाल्या. शंभराच्या आसपास उपकरणांचे आराखडे त्यांनी प्रमाणित करून घेतले. माझ्या पिढीच्या निरीक्षकांनी त्यांना पाहिलं नाही. मात्र आम्ही हाताळलेल्या यंत्रांमागे त्यांनी घालून दिलेली शिस्त होती. १९७६ मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी भारतातल्या सौर प्रारणाच्या आकडेवारीचा जाडजूड ग्रंथ सिद्ध केला. तो १९८० मध्ये निघाला.

प्रारणमापकं मोजक्याच ठिकाणी होती, काचगोळे मात्र देशभर. स्वीडनच्या आँग्स्ट्रोमनं १९२४ मध्ये दोघांमधला सांधा दाखवून दिला होता. दिवस जेवढा लांब त्याच्या किती हिश्श्यात लख्ख ऊन पडलं हे कळलं, तर जमिनीवर एकूण किती ऊर्जा पडली ते बऱ्यापैकी काढता येतं. म्हणजे कुठल्याशा तालुक्यातल्या निरीक्षकानं संध्याकाळी मोजपट्टी लावून लिहिलेल्या ९.४ किंवा २.७ या आकड्याला ऊर्जेचा अर्थ आला. आपल्या भागात वर्षाची सरासरी काढली तर चौरस मीटरला दिवसाकाठी पाच-साडेपाच युनिट ऊन पडतं, हे आज प्रत्येक सोलरवाला तोंडपाठ सांगतो. तो आकडा कुठून आला, असं मात्र त्याला कुणी विचारत नाही.

१९८० मध्ये त्या ग्रंथाचं कुणाला काय पडलं होतं? सूर्यचूल होती, बंब होते, पाठ्यपुस्तकात धडा होता. पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धीला रस्त्यावरच्या दिव्यांना स्वतंत्र पॅनेल लागली, ती पाहायला सहली जायच्या. बाकी जिल्ह्याचा विजेशी संबंध होता तो ती कधी जाते आणि कधी येते एवढाच. २००५ नंतरची भारनियमनाची वर्षं सावेडीकरांना आठवत असतील. आमच्या भागातल्या पाइपलाइन रोडला ज्या जलवाहिनीवरून नाव मिळालं, तिचं पाणी मुळा धरणातून येतं. आधी मुळानगर, मग विळदचे पंप, मग वसंत टेकडीची टाकी. वीज तिकडे गेली की चोवीस तासांनी इकडच्या नळाला कळायचं. भारनियमनाचं वेळापत्रक वर्तमानपत्रात छापून यायचं आणि ते कापून स्वयंपाकघरात चिकटवलेलं असायचं.

शेतकऱ्यांचं त्याहून वाईट. शेतीपंपाला काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री दहा तास. रात्रपाळी आली की थंडीत उसाला पाणी द्यायला बॅटरी घेऊन जायचं, पायाखाली काय आहे आणि उसात काय दबा धरून बसलंय ते दैवावर सोडायचं. 'दिवसा वीज द्या' ही मागणी त्यातून आली. जून २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली तेव्हा पहिल्या दोन गावांत राळेगणसिद्धीचं नाव होतं, दुसरं यवतमाळ जिल्ह्यातलं कोळंबी. गावाच्या वीजवाहिनीलाच सौर प्रकल्प जोडायचा, म्हणजे शेतीला दिवसाची वीज. या जिल्ह्याच्या इतिहासात ऊन ही तक्रारीची गोष्ट होती. तिचं भांडवल झालं ते हे असं.

भांडवल आलं की हिशेब आला. २०१८ मध्ये राज्य वीज नियामक आयोगानं पवन आणि सौर प्रकल्पांसाठी अंदाजाचे नियम काढले. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्यात किती वीज देणार ते आदल्या दिवशी कळवायचं. दुसऱ्या दिवशी दर दीड तासाच्या टप्प्यात एकदा ते सुधारायची मुभा. उपलब्ध क्षमतेच्या १५ टक्क्यांपर्यंत चुकलात तर माफ. त्यापुढे २५ टक्क्यांपर्यंत चुकलेल्या युनिटला ५० पैसे, ३५ पर्यंत एक रुपया, त्यावर दीड रुपया. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा थक्क झालो. हवामानाचा अंदाज चुकला म्हणून कुणी रोख पैसे भरतंय, हे मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

हे मला समजावून सांगितलं ते आमच्या शेजारच्या मुलानं. इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे, पुण्याच्या एका कंपनीसाठी इथूनच घरी बसून काम करतो. सोलापूर-धाराशिवकडच्या प्रकल्पांची वेळापत्रकं लावणं हे त्याचं काम. रात्रीच्या अंधारात त्याचे जवळजवळ निम्मे तुकडे आपोआप शून्य होतात, बाकीच्यांसाठी त्याची झोप उडालेली असते. मी त्याला विचारलं, "मे महिन्यात तर तुझी चंगळ असेल?" तो म्हणाला, "नाही काका, मे बेकार. पॅनेल तापतं." पंचवीस अंशांच्या वर प्रत्येक अंशाला पॅनेलची ताकद साधारण चार दशांश टक्क्यानं घटते, आणि मेच्या दुपारी पॅनेल साठाच्या वर सहज जातं. खरा हंगाम फेब्रुवारी-मार्चचा: आकाश स्वच्छ, हवा अजून थंड. जुलैच्या अखेरीस सूर्य दुसऱ्यांदा बरोबर माथ्यावर येतो, मधोमध, सावली पायाखाली. पण तेव्हा मध्ये ढग.

त्याची साधनं वेगळी. इन्सॅट उपग्रहाच्या प्रतिमांवरून ढग कुठे सरकतायत ते पाहायचं, संगणकाच्या प्रारूपांचे आकडे घ्यायचे, प्रकल्पावरच्या प्रारणमापकाचा चालू आकडा बघायचा. आणि सगळ्यांत जुनी युक्ती: आत्ता आहे तसंच पुढच्या तुकड्यात राहील असं धरायचं. स्वच्छ दिवशी हिच्यापुढे भारी भारी प्रारूपं पाणी भरतात. त्याला रडवतात ते अवकाळीचे दिवस, एप्रिलमध्ये दुपारपर्यंत रणरण आणि तीन वाजता काळंभोर आभाळ. शिवाय भाद्रपदातले पळते ढग. मी त्याला ठिपक्यांचा नियम सांगितला. तो हसला नाही. त्यानं वहीत उतरवून घेतला. ढगाच्या एका फटीतून आलेल्या उन्हानं त्याच्याही आलेखावर असाच सुळका उठतो, आणि पंधरा मिनिटांच्या सरासरीत तो किती धरायचा हाच त्याचा रोजचा झगडा असतो.

त्याचा एक वर्गमित्र पश्चिम ऑस्ट्रेलियात खाणींच्या विजेचं काम करतो. त्याच्याकडून ऐकलेली डीग्रूसा या तांब्याच्या खाणीची गोष्ट यानं मला सांगितली. पर्थपासून सुमारे ९०० किलोमीटर आत, ओसाडात. तिथे वीजवाहिनी पोचत नाही, सगळी मदार डिझेलवर. २०१६ मध्ये त्यांनी १०.६ मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारला, ३४ हजारांवर पॅनेलं, जोडीला ६ मेगावॉटची बॅटरी. आपल्याकडे ढग आला तर राज्याच्या ग्रीडमध्ये कोयना आहे, औष्णिक केंद्रं आहेत, कुणीतरी सांभाळून घेतं. खाणीत सांभाळायला कुणी नाही. खाली माणसं काम करतायत, हवा खेळवणारे पंखे थांबून चालत नाहीत. मग प्रश्न असा की डिझेलचे किती संच रिकामे फिरवत ठेवायचे? ढग येणार असेल तर ते फिरत हवेत, नसेल तर ते डिझेल फुकट जळतंय. अंदाज चुकण्याची किंमत तिथे पैशाआधी टँकरमध्ये मोजली जाते. २०२२ मध्ये खाणीचं काम आटोपलं आणि पुढे पॅनेलंही उतरवण्यात आली. ऊन संपलं नव्हतं, तांबं संपलं होतं.

ही त्याला फार नवलाची गोष्ट वाटत होती, तेव्हा मी त्याला गोष्टीतूनच कोलारला नेलं. १९०२ मध्ये म्हैसूर संस्थानानं कावेरीवर शिवनसमुद्र इथे वीजकेंद्र उभारलं ते दिवे लावायला नाही, कोलारच्या सोन्याच्या खाणींना. जवळजवळ दीडशे किलोमीटर तार ओढली. त्या काळी इतक्या लांब वीजवाहिन्या जगात मोजक्याच होत्या. आणि पहिल्याच वर्षांत उघडं पडलं की उन्हाळ्यात कावेरी आटते, खाणींना ठरल्याइतकी वीज मिळत नाही. करार कागदावर, नदी तिच्या मर्जीवर. त्या अडचणीवर उपाय म्हणून कन्नंबाडीचं धरण आलं. १९११ मध्ये काम सुरू झालं तेव्हा मुख्य अभियंता होते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. ते पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकलेले, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात उमेदवारी केलेले आणि खडकवासल्याच्या धरणाला आपोआप उघडणारे दरवाजे बसवून नाव कमावलेले. नदीचा भरवसा नाही म्हणून पाणी साठवलं, आता उन्हाचा भरवसा नाही म्हणून बॅटरी. मधली शंभर वर्षं काढून टाकली तर डीग्रूसाचा इंजिनिअर आणि कोलारचा इंजिनिअर एका टेबलावर बसून बोलू शकले असते.

माझ्या मते फरक दुसरीकडे पडला आहे. आमच्या वेळी अंदाज चुकला तर त्याचा फटका बसायचा शेतकऱ्याला, आणि तो कुठल्याही वहीत चढायचा नाही. पाऊस येणार नाही म्हणून काढून वाफ्यावर वाळत घातलेला कांदा भिजला, द्राक्षावर मारलेलं औषध दोन तासांत धुऊन गेलं, हे सगळं 'अंशतः ढगाळ' या दोन शब्दांत मावायचं. आता पहिल्यांदा चुकीला भाव ठरला आणि लगेच अंदाज सुधारायला लागले. पैसा, माणसं, यंत्रं, सगळं आलं. उपग्रहाचं तंत्र आधीपासून होतंच. नव्हती ती निकड. शेतकऱ्याचं नुकसान ही निकड कधी ठरली नाही, पन्नास पैसे युनिट मात्र ठरली. हे मी कडवटपणानं म्हणत नाही, पण म्हटल्याशिवाय राहवत नाही. ज्या नोंदींवर हे सगळं उभं आहे त्या शेतीसाठी म्हणून घेतल्या होत्या. वेधशाळेच्या नावातच 'कृषी' होतं.

मध्यंतरी त्या मुलाच्या एका प्रकल्पाचा उद्याचा आलेख मी पाहत बसलो होतो. एक ते अडीच आकाश मोकळं होणार, मग चारपर्यंत ढग, मग पुन्हा ऊन, असा तुकड्यातुकड्यानं मांडलेला. प्रकल्पाच्या कुंपणापलीकडे कुणाचा तरी कांदा असेलच. नेप्तीच्या मार्केटला न्यायच्या आधी तो सुकवायला दीड तासाचं खात्रीचं ऊन म्हणजे काय चीज आहे, हे आमच्या जिल्ह्यात कुणालाही कळेल. मी म्हटलं, "अरे, हेच त्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलंस तर? तुझं काय जातंय?" त्यानं वरिष्ठांना विचारलं. उत्तर आलं की अंदाज प्रकल्पाच्या मालकानं विकत घेतलेला आहे आणि तो तिसऱ्याला देण्याचं कलम करारात नाही. करार पुढच्या मार्चमध्ये नव्यानं व्हायचा आहे. कलमाचा मसुदा मी त्याला मराठीत लिहून दिला आहे, तो त्याचं इंग्रजी करतोय.